सूर्य इतका सावकाश का फिरतो?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात सूर्यमालेच्या जन्माविषयी बोलण्यासाठी आम्हाला बोलावले होते. आम्ही नेहमीप्रमाणे सुरुवात केली. वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड मेघ होता. तो स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. आकसताना त्याची गिरकी वाढली, तो चपटा झाला, मध्यभागी सूर्य बनला आणि भोवतीच्या तबकडीत ग्रह तयार झाले. एवढ्यात मागच्या रांगेतल्या एका शिक्षकांनी हात वर केला. ते म्हणाले, "आकसल्यावर गिरकी वाढते, तर सगळ्यांत जास्त आकसला तो सूर्य. मग तो सर्वांत जोरात फिरायला हवा. पण त्याला एका फेरीला पंचवीस दिवस लागतात. हे कसे?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पुरेसे वाटले नाही. हा प्रश्न साधा नाही. याच प्रश्नामुळे मेघापासून ग्रह बनल्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत जवळजवळ टाकून दिली गेली होती. ती परत कशी आली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काण्ट आणि लाप्लास

इ. स. 1755 मध्ये क्योनिग्सबर्ग येथील इमॅन्युएल काण्ट या तिशीतल्या अभ्यासकाने विश्वाच्या उत्पत्तीवर एक पुस्तक लिहिले. पुढे हाच माणूस तत्त्वज्ञ म्हणून जगाला माहीत झाला. अवकाशात विखुरलेले द्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकत्र येऊन सूर्य आणि ग्रह बनले, असे त्याने मांडले. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. त्यातच प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि प्रती अडकून पडल्या. त्यामुळे फारच थोड्या लोकांनी ते वाचले.

पुढे 1796 मध्ये फ्रान्समध्ये पिएर सिमाँ लाप्लासने तशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात आणि त्यांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत. हा योगायोग असण्याची शक्यता फारच थोडी, हे त्याच्यातल्या गणितज्ञाच्या लक्षात आले होते. त्याच्या मते सूर्याचे तप्त वातावरण पूर्वी ग्रहांच्या कक्षांपलीकडे पसरलेले होते आणि गिरक्या घेत होते. थंड होऊन ते आकसत गेले, तशी गिरकी वाढली आणि कडेचा वायू वलयांच्या रूपाने मागे राहत गेला. एकेका वलयापासून एकेक ग्रह बनला. हाच तेजोमेघ सिद्धान्त. एकोणिसाव्या शतकात बहुतेक सुशिक्षितांना तो पटलेला होता.

फळ्यावर मावणारे गणित

आकसल्यावर गिरकी वाढते म्हणजे काय, हे फुगडी खेळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हात ताणून, अंगे मागे टाकून फिरताना वेग कमी असतो. दोघी जवळ आल्या की गरगर वाढते. वर्गात फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला दोन हातांत दोन विटा देऊन बसवावे आणि खुर्चीला हलकेच गती द्यावी. हात पसरले की खुर्ची मंदावते, छातीशी घेतले की वेगाने फिरते. बाहेरून कोणी ढकलले वा अडवले नाही, तर वस्तुमान, अंतर आणि वेग यांचा एक विशिष्ट गुणाकार कायम राहतो. त्याला कोनीय संवेग म्हणतात.

आता लाप्लासची गोष्ट उलटी चालवून पाहू. सूर्याला एका फेरीला सुमारे 25 दिवस लागतात. पृथ्वीची कक्षा सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे 215 पट अंतरावर आहे. सूर्य फुगवून तिथपर्यंत नेला आणि आतल्या द्रव्याची वाटणी त्याच प्रमाणात राहिली असे धरले, तर फेरीचा काळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल. 215 चा वर्ग 46,225. त्याला 25 ने गुणले की 11,55,625 दिवस, म्हणजे सुमारे 3,160 वर्षे होतात. अशा सूर्याच्या कडेपासून सुटलेली पृथ्वी एका वर्षात फेरी कशी पुरी करील? नेपच्यूनची कक्षा याच्या तीसपट दूर. तिथे फेरीचा काळ सुमारे 28 लाख वर्षे येतो. नेपच्यून प्रत्यक्षात 165 वर्षांत फेरी पुरी करतो.

फ्रान्समधल्या झाक बाबिने यांनी 1861 मध्ये असेच गणित मांडले. हीच अडचण दुसऱ्या बाजूनेही सांगता येते. सूर्यमालेचे 99.8 टक्के वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेगातला त्याचा वाटा एक टक्काही नाही. एकट्या गुरूकडे सुमारे 60 टक्के आहे. घरातले सारे धान्य एकाकडे आणि कोठाराच्या किल्ल्या दुसऱ्याकडे, असा हा प्रकार होता.

पाहुणा तारा

या अडचणीवर उत्तर सापडेना, तेव्हा लोकांनी सिद्धान्तच बदलला. शिकागोचे भूवैज्ञानिक टॉमस चेंबरलिन हिमयुगांचा अभ्यास करताना लाप्लासच्या तप्त पृथ्वीविषयी साशंक झाले होते. त्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोल्टन यांनी 1905 च्या सुमारास अशी कल्पना मांडली, की दुसरा एक तारा सूर्याजवळून गेला. त्याच्या ओढीने सूर्यातून द्रव्य बाहेर उसळले, ते थिजून असंख्य लहान घन तुकडे झाले आणि ते एकत्र येऊन ग्रह बनले. या तुकड्यांना आपण ग्रहकण म्हणतो. इंग्लंडमध्ये जेम्स जीन्स आणि हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याचेच दुसरे रूप पुढे आणले. जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यावर प्रचंड भरती आणली, त्यातून चिरूटाच्या आकाराचा वायूचा पट्टा ओढला गेला आणि त्याचे तुकडे पडून ग्रह झाले. ग्रहांना एवढी गती कुठून आली, याचे उत्तर या दोन्ही कल्पनांत सोपे होते. ती पाहुण्या ताऱ्याने दिली.

या उत्तराची किंमत मात्र मोठी होती. ताऱ्यांमधली अंतरे किती अफाट आहेत ते पाहा. सूर्य एक सेंटिमीटरच्या मोठ्या वाटाण्याएवढा मानून मुंबईत ठेवला, तर सर्वांत जवळचा तारा सुमारे 290 किलोमीटरवर, सुरतेच्याही पुढे येतो. असे दोन वाटाणे फिरता फिरता एकमेकांना घासून जाणे जवळजवळ अशक्यच. म्हणजे पाहुण्या ताऱ्याची गोष्ट खरी असेल, तर सबंध आकाशगंगेत ग्रह असलेले तारे बोटांवर मोजण्याइतके असणार. जीन्स यांनी हा निष्कर्ष आपल्या लोकप्रिय पुस्तकांतून सांगितला आणि एका पिढीने तो स्वीकारला. आपण विश्वात जवळजवळ एकटे आहोत, ही समजूत तेव्हा या एका गणितावर उभी होती.

आपल्याकडच्या भूगोलाच्या अनेक पुस्तकांत ग्रहकण परिकल्पना आणि भरती परिकल्पना आजही भेटतात. पुष्कळदा गोष्ट तिथेच थांबते. वास्तविक ती पुढे अधिक रंगतदार होते.

दुसऱ्या उत्तरातली भोके

ज्या प्रश्नाने लाप्लासला हरवले, त्यानेच 1935 मध्ये पाहुण्या ताऱ्यालाही गाठले. अमेरिकेतले हेन्री नॉरिस रसेल यांनी दाखवले, की सूर्याच्या पृष्ठभागावरून ओढलेले द्रव्य गुरूच्या अंतरावर फिरत ठेवण्याइतका कोनीय संवेग पाहुणा तारा देऊ शकत नाही. पुढे 1939 मध्ये लायमन स्पिट्झर यांनी आणखी एक मुद्दा मांडला. सूर्याच्या आतून निघालेला वायू इतका तप्त असतो, की तो थिजून ग्रह होण्याच्या आत स्फोटासारखा फाकून नाहीसा होईल.

आता दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या. सुटका झाली ती रसायनशास्त्राच्या बाजूने. सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने 1925 मध्ये आपल्या प्रबंधात ताऱ्यांच्या वर्णपटांवरून असा निष्कर्ष काढला होता, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले आहेत. त्याआधी सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचा आहे, असे मानले जाई. वर उल्लेख केलेल्या रसेल यांनीच त्यांना हा निष्कर्ष शक्य नसल्याचे सांगितले होते. चार वर्षांनी ते स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचले.

याचा ग्रहांशी संबंध काय? सूर्याच्या द्रव्यात दगड आणि लोखंड होऊ शकेल असा भाग अर्धा टक्का असेल-नसेल. म्हणजे त्या मिश्रणातून पृथ्वी बनवायची, तर पृथ्वीच्या दोनशेपटींहून अधिक वायू हाताशी हवा. बाकीचा हायड्रोजन-हेलियम पुढे कुठेतरी गेला पाहिजे. जर्मनीत कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर यांनी 1944 मध्ये नेमका हा धागा पकडला. सूर्याभोवती आजच्या ग्रहांपेक्षा कितीतरी जड अशी वायूची तबकडी होती आणि तिच्यातला बहुतेक वायू निघून गेला. जाताना त्याने कोनीय संवेगही नेला. बाबिनेंच्या गणितात चूक नव्हती. मात्र सूर्य आणि ग्रह यांच्याशिवाय तिसरा कोणी वाटेकरी नाही, हे त्यात गृहीत होते. तो वाटेकरी निघून गेला होता.

घर्षणाची कामगिरी

तबकडीत आतला वायू वेगाने आणि बाहेरचा सावकाश फिरतो. शेजारच्या दोन थरांत घर्षण झाले, की आतला थर बाहेरच्याला पुढे ढकलतो आणि स्वतः मंदावतो. मंदावलेला थर आत घसरतो, ढकललेला बाहेर सरकतो. अशा रीतीने द्रव्य आत सूर्याकडे आणि कोनीय संवेग बाहेर, अशी वाहतूक सुरू राहते. खुद्द सूर्याचा वेग कमी करणारी यंत्रणा आणखी वेगळी आहे. 1962 मध्ये फ्रान्सचे एव्ह्री शात्समान यांनी दाखवले, की ताऱ्यापासून वाहणारा विद्युतभारित वायू त्याच्या चुंबकीय क्षेत्राला धरून दूरपर्यंत ताऱ्याबरोबर फिरतो आणि सुटताना पुष्कळ कोनीय संवेग घेऊन जातो. हात लांब पसरून त्यातले वजन सोडून द्यावे, तसा हा प्रकार. तरुण तारे काही दिवसांत, कधी एका दिवसाच्या आतही फेरी पुरी करताना दिसतात आणि सूर्यासारखे प्रौढ तारे मंद असतात, यावरून हे पटते. शिबिरातल्या शिक्षकांना आम्ही द्यायला हवे होते ते उत्तर हे : सूर्य पूर्वी खरोखरच जोरात फिरत होता. तो नंतर मंदावला.

साध्या वायूचे घर्षण मात्र या कामाला फारच अपुरे पडते. 1991 मध्ये स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दाखवले, की दुबळे चुंबकीय क्षेत्रही अशा तबकडीत खळबळ माजवू शकते. या अस्थैर्याचे मूळ गणित रशियात वेलिखोव यांनी 1959 मध्ये आणि शिकागोत आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1960 मध्ये केले होते. तीस वर्षे ते तबकड्यांना लावून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. पण इथेही गोष्ट संपत नाही. तबकडीचा मधला भाग थंड असतो आणि तिथे विद्युतभारित कण थोडे असल्याने चुंबकीय क्षेत्राची वायूवर पकड बसत नाही. अलीकडच्या निरीक्षणांत अनेक तबकड्यांतला वायू अपेक्षेपेक्षा शांत आढळला. त्यामुळे तबकडीच्या पृष्ठभागावरून उडणारा वाराच कोनीय संवेग नेत असावा, या कल्पनेकडे आता अनेक संशोधक वळले आहेत.

धुळीपासून ग्रहांपर्यंतची वाट रशियातल्या व्हिक्टर साफ्रोनोव यांनी 1969 च्या आपल्या पुस्तकात गणिताने आखली. 1972 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि मग ते सर्वत्र पोहोचले. चेंबरलिन यांचे ग्रहकण त्यात परत आले, पण पाहुण्या ताऱ्याशिवाय. यातही एक खाचखळगा निघाला. 1977 मध्ये स्टुअर्ट वाइडेनशिलिंग यांनी दाखवले, की वायूच्या विरोधामुळे सुमारे एक मीटरचा धोंडा पृथ्वीच्या अंतरावरून शंभरेक वर्षांत सूर्यात जाऊन पडेल. धुळीचे धोंडे होतील, पण धोंड्यांचे डोंगर होण्याआधीच ते नाहीसे होतील. 2005 मध्ये अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी यावर एक मार्ग सुचवला. खडे पुष्कळ असले, तर ते वायूलाच आपल्याबरोबर ओढतात, एकमेकांच्या आडोशाने गर्दी करतात आणि ती गर्दी स्वतःच्या वजनाने एकदम कोसळून मोठा गोळा होतो. सायकलस्वारांचा घोळका वाऱ्याविरुद्ध जातो, तसेच हे.

दगडांची साक्ष

हे सारे कागदावर झाले. त्या काळाचे साक्षीदार मात्र अधूनमधून आपल्या अंगणात पडतात. 8 फेब्रुवारी 1969 रोजी मेक्सिकोत आयेंदे गावाजवळ मोठा अशनी पडला. त्याच्या काळ्या दगडात पांढुरके ठिपके होते. ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांचे निघाले. तप्त वायू थंड होऊ लागला, की सर्वांत आधी, 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास, हीच द्रव्ये घन होतात. त्यानंतर लोखंड आणि नेहमीच्या दगडांची खनिजे, आणि फार पुढे, उणे शंभर अंशांच्याही खाली, पाण्याचे बर्फ. अशा ठिपक्यांचे वय सुमारे 456.7 कोटी वर्षे आहे. सूर्यमालेचा वाढदिवस आपण या ठिपक्यांवरून मोजतो.

तबकडीत बाहेर जावे तसे तापमान उतरते. जिथे पाण्याचे बर्फ टिकू लागते त्या अंतराला हिमरेषा म्हणतात. तिच्या आत दगड-लोखंडाचे लहान ग्रह, तिच्याबाहेर बर्फाचे ज्यादा सामान मिळाल्याने भरभर वाढलेले आणि वायू ओढून घेतलेले गुरू-शनी. बुधापासून नेपच्यूनपर्यंतचा तक्ता मुलांकडून पाठ करून घेताना त्यामागचा हा साधा नियम सांगायला विसरू नये.

याच दगडांत एक घड्याळही सापडले. ॲल्युमिनियम-26 या किरणोत्सारी समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे 7 लाख वर्षे आहे आणि त्याचे मॅग्नेशियम-26 होते. आयेंदेच्या ठिपक्यांत हे ज्यादा मॅग्नेशियम 1976 मध्ये आढळले. पुढे 20 जून 1996 रोजी राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या पिपलिया कलाँ येथे एक अशनी पडला. हा दगड कधी काळी वितळलेल्या एका लहान ग्रहासारख्या पिंडाच्या कवचाचा तुकडा होता. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतले श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी 1999 मध्ये त्यात ॲल्युमिनियम-26 ची खूण दाखवून दिली. म्हणजे सूर्यमाला जन्मल्यावर काही दशलक्ष वर्षांतच असे पिंड बनून वितळलेही होते आणि वितळायला लागणारी उष्णता याच समस्थानिकाने पुरवली असणे शक्य होते.

तबकडी डोळ्यांना दिसली

एवढे सगळे झाले, तरी ग्रह घडवणारी तबकडी कोणी पाहिली नव्हती. 1983 मध्ये आयरास या अवरक्त दुर्बिणीला अभिजित ताऱ्याभोवती अनपेक्षितपणे धूळ आढळली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी बीटा पिक्टोरिस ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचे छायाचित्र घेतले. या दोन्ही तबकड्या ग्रहनिर्मितीनंतर उरलेल्या राडारोड्याच्या होत्या. 1990 च्या दशकात हबल दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या काळ्या चकत्या टिपल्या. नोव्हेंबर 2014 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी एचएल टॉरी या सुमारे 450 प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा आमच्यासारख्यांनी ते कितीतरी वेळ नुसते पाहिले. तबकडीत एकात एक अशी तेजस्वी वलये आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी होत्या. ताऱ्याचे वय दहा लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे ग्रह आपल्याला वाटत होते त्याहून लवकर घडू लागतात. 2018 मध्ये पीडीएस 70 या ताऱ्याच्या तबकडीतल्या अशाच फटीत घडत असलेला ग्रहच दिसला.

रसायनशास्त्रही मागे राहिले नाही. टीडब्ल्यू हायड्री ताऱ्याच्या तबकडीत कार्बन मोनॉक्साइड कुठे गोठतो, ती रेषा 2013 मध्ये सापडली. 2023 मध्ये व्ही 883 ओरायनिस ताऱ्याच्या तबकडीतल्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण मोजले गेले. ते प्रमाण ताऱ्याच्या जन्माआधीच्या थंड मेघातल्या पाण्याशी जुळते. आपल्या माठातल्या पाण्याचा काही भाग सूर्यापेक्षा जुना असावा, या म्हणण्याला त्यामुळे बळ मिळाले.

1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. 2022 पर्यंत अशा परग्रहांची संख्या 5,000 च्या पुढे गेली. तबकडी हा ताऱ्याच्या जन्मातला नित्याचा टप्पा असेल, तर ग्रहही नित्याचेच. जीन्स यांचा विश्वातल्या एकटेपणाचा निष्कर्ष आता कोणी मानत नाही. त्यांवर जीवन आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा आणि अजून उघडा आहे.

वर्गासाठी

ही कथा शिकवताना एक मोह टाळावा. लाप्लास बरोबर होता आणि मधले लोक चुकले, असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लाप्लासची वलये आज कोणी मानत नाही. बाबिनेंचा आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तर न देता पुढे जाणे चूक ठरले असते. चेंबरलिन यांची गोष्ट टाकली गेली, तरी तिच्यातले ग्रहकण राहिले. दुसरीकडे, उत्तर आज सापडत नाही म्हणजे ते नाहीच, असे धरल्यामुळे चाळीस वर्षे ग्रह दुर्मीळ ठरले होते.

म्हणून आमची एक सूचना आहे. नववी-दहावीच्या वर्गात तेजोमेघाची गोष्ट सांगितल्यावर 215 च्या वर्गाचे ते गणित मुलांनाच करायला द्यावे. उत्तर 3,160 वर्षे आले, की मुले गोंधळतील. लगेच उलगडा करू नये. एक रात्र त्यांना त्या गोंधळात राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी विचारावे, या हिशेबात कोणाचे नाव लिहायचे राहून गेले? एखादे मूल नक्की म्हणेल, "जो वायू उडून गेला, त्याचे." आणि कोणीच म्हणाले नाही, तरी हरकत नाही. मोठमोठ्यांनाही ते सुचायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली होती.